हाडांचा वर्ग: खुर्च्या बदला, बाकी चालू ठेवा

कोथरूडमधल्या एका विरंगुळा केंद्रात सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी साडेनऊला ज्येष्ठांचा व्यायामवर्ग भरतो. कागदावर त्याचं नाव बरंच लांबलचक आहे, पण येणारे सगळे 'हाडांचा वर्ग' म्हणतात. पत्ता देत नाही. हॉलमध्ये पंचवीस माणसं कशीबशी मावतात आणि नंबर न लागलेल्यांचे टोमणे आम्ही आधीच ऐकतोय. तुमच्या भागात असा वर्ग असेल किंवा निघणार असेल, तर त्यात काय बघून घ्यावं, एवढ्यासाठी हे लिहितेय.

मी शाळेत पीटीची बाई होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी कुणी चार लोकांना हात वर करायला लावताना दिसलं की माझी नजर आधी शिकवणाऱ्याकडे जाते. मागच्या रांगेला दिसतंय का, आकडे मोजणारा स्वतःच मध्ये गडबडतो का, चुकीचं करणाऱ्याकडे त्याचं लक्ष आहे का. या नजरेने मी ज्येष्ठांचे बरेच वर्ग पाहिलेत. बहुतेक ठिकाणी हात गोल फिरवायचे, मान डावी-उजवीकडे, टाळ्या, मोठ्याने हसणं, मग चहा. चार माणसं भेटतात, वेळ बरा जातो, छानच आहे. फक्त त्याला हाडांचा व्यायाम म्हणू नये. हाडावर भार आला, स्नायूंनी त्याला जोर लावून ओढलं, तरच ते टिकून राहतं. हवेत हात फिरवून त्याला काही मिळत नाही. पोहणं आणि सायकलही हृदयाला उत्तम, पण तिथे अंगाचं वजन पाणी आणि सीट पेलतात, हाडाच्या वाट्याला फारसं काही येत नाही. या वर्गात पहिल्याच आठवड्यात माझ्या घोट्याला वाळूची पट्टी बांधली गेली. निम्मे मार्क मी तिथेच देऊन टाकले.

उरलेल्यांतले बरेचसे प्रवेशाच्या पद्धतीला. 'या, उभे राहा, सुरू करा' असा कारभार इथे नाही. शिकवणारी फिजिओथेरपिस्ट तिशीतली मुलगी आहे. सत्तरीचे लोक तिला 'मॅडम' म्हणतात, मी 'बाळ' म्हणते, अजून तरी तिने हरकत घेतलेली नाही. ती आधी एक फॉर्म भरून घेते आणि तो समोर बसून वाचते. पन्नाशीनंतर कुठलं हाड मोडलं का, आणि कशाने? चालता चालता पडून मनगट मोडलं असेल तर ती तिथेच थांबते आणि डॉक्टरांना दाखवलं का, हाडांची तपासणी केली का, ते विचारते. वर्षभरात पडलात का? स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच महिने घेतल्यात का? झोपेची गोळी चालू आहे का? रक्तदाब ती दोनदा घेते, एकदा आडवं असताना आणि एकदा उभं राहिल्यावर, कारण उठल्याबरोबर दाब खाली येऊन भोवळ येणारे आमच्या वयात कमी नाहीत.

मग उंची. माझ्या सर्व्हिस बुकात १५८ सेंटीमीटर लिहिलंय, तिच्या पट्टीवर १५५ भरली. तरुणपणापेक्षा चार सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त घट दिसली की ती डॉक्टरांकडे पाठवते आणि मणक्याच्या एक्स-रेबद्दल विचारायला सांगते. चेपलेला मणका दर वेळी दुखतोच असं नाही, पाठ नुसती वाकत जाते. मी थोडक्यात सुटले. माझ्या मागे नंबर असलेल्या आजी सुटल्या नाहीत. त्यांच्या एक्स-रेत दोन मणके चेपलेले निघाले. त्या कित्येक वर्षं 'वयामुळे पोक आलाय' म्हणत होत्या आणि घरातले सगळे 'ताठ बस गं' म्हणत होते.

त्यानंतर परीक्षा. हात छातीवर घडी, खुर्चीतून उठायचं, बसायचं, अर्ध्या मिनिटात किती वेळा होतं ते मोजायचं. हाताने खुर्चीला आधार घेतला की शून्य. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या बाईला अकरा तरी जमावेत, पुरुषाला बारा. त्याखाली गेलात तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. दुसरी परीक्षा खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंदांत व्हायला हवं. रोज पर्वती चढणारे एक निवृत्त पोस्टमास्तर या परीक्षेला हसत हसत उभे राहिले आणि वळताना असे डगमगले की तिने पुढे होऊन दंड धरला. एकशे तीन पायऱ्या रोज चढतो, मला काय धाड भरलीय, असं ते आधी म्हणाले होते. पुण्यातल्या टेकडी आणि तळजाईवाल्यांनी हे लक्षात घ्यावं. चालण्याने दम वाढतो, साखर आटोक्यात राहते, पण तोल सावरणं हे वेगळं काम आहे आणि ते वेगळंच घोटावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही पासष्टच्या पुढच्यांना आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटं चालण्यासारखी हालचाल सांगितलीय, आणि शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम. ते 'शिवाय' आपण सोयीस्कर विसरतो.

वर्ग पाऊण तासाचा. जागेवर चालणं, मग खुर्चीतून उठबस, टाचा उचलून हळू खाली, भिंतीला हात लावून उभ्याचे जोर, रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून मागे ओढणं, वाळूची पट्टी बांधून पाय बाजूला आणि मागे. पायांचे हे व्यायाम न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठात १९९० च्या दशकात बसवलेल्या कार्यक्रमातून घेतलेत, असं तिने सांगितलं. तिथे ज्येष्ठांना घरी जाऊन शिकवलं होतं आणि त्यांचं पडणं साधारण पस्तीस टक्क्यांनी घटलं होतं. मला आवडली ती तिची मोजायची पद्धत. 'दहा झाले, छान!' असं ती म्हणत नाही. दहाव्याला अजून पाच सहज जमले असते असं वाटलं की पट्टीतली वाळू वाढवते. हे कळायला शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं, आणि ती बघते.

शेवटची दहा मिनिटं तोलाची. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायचं, भिंतीच्या अगदी जवळून. ते जमलं की चालता चालता डोक्याला काम. हजार रुपयांतून सात-सात वजा करणं मला कंटाळवाणं वाटतं. पुण्याच्या पेठा म्हणत चालायचं, हे मात्र झकास. सोमवार, मंगळवार, बुधवार करत रविवारपर्यंत सगळे झपाट्याने जातात, मग सदाशिव, नारायण, कसबा, आणि नानापासून पाय अडखळायला लागतात. घोरपडे आणि गंजपर्यंत पोचलेला माणूस बहुतेक वेळा रेघेबाहेर असतो. मुद्दा असा की रस्त्यावर आपण कधीच नुसतं चालत नसतो. उखडलेला पेव्हर ब्लॉक बघायचा, फुटपाथवर चढलेली स्कूटर चुकवायची आणि त्याच वेळी भाजीचा हिशेब करायचा. पडतो ते अशा वेळीच.

पण या वर्गातलं सगळ्यात मोलाचं काम जमिनीवर चालतं, आणि ते मी दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. पडल्यावर उठायचं कसं, हे ती शिकवते. सतरंजीवर आडवं व्हायचं. आधी उठायची घाई नाही. हात-पाय हलतात का, कंबरेत कळ येते का, ते बघायचं. कळ असेल तर हलायचं नाही, मदत बोलवायची. नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर, मग हात आणि गुडघ्यांवर. रांगत जवळच्या खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात बैठकीवर, जास्त जोर असलेला पाय पुढे रोवायचा आणि ढुंगण वळवून बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. वर्गातल्या निम्म्या बायका कित्येक वर्षांत जमिनीवर बसलेल्याच नव्हत्या. आमच्या आया पाटावर जेवायच्या, जमिनीवर बसून भाजी निवडायच्या, दिवसातून वीस-वीस वेळा उठायच्या. डायनिंग टेबल आलं, ओटा आला, कमोड आला, गुडघ्यांना सुख झालं आणि जमिनीवरून उठायची सवय कुणालाही न कळता गेली. पहिल्या दिवशी एक बाई रांगायला तयार होईनात, लाज वाटत होती. फिजिओ स्वतः शेजारी आडवी झाली आणि 'मीही पडलेय, आता काय करू?' म्हणाली. बाईंनी तिला पायरी-पायरीने सांगून उठवलं, आणि मग स्वतः उठल्या. शिकवायची ही हातोटी बी.पी.एड.च्या कोर्समध्ये मिळत नाही.

भांडण झालं ते योगावरून, आणि पुण्यात ते होणारच होतं. मणक्याची हाडं ठिसूळ असलेल्यांनी पश्चिमोत्तानासन आणि पादहस्तासन ही पुढे वाकायची आसनं करू नयेत, असं तिने सांगितलं. वर्गात वीस-वीस वर्षं योगासनं करणारे लोक आहेत. मॉडेल कॉलनीत अय्यंगार गुरुजींची संस्था १९७५ पासून आहे, तिथे शिकलेले दोघे आहेत. आवाज चढले. तिने शांतपणे मेयो क्लिनिकमधल्या १९८४ च्या अभ्यासाचे आकडे सांगितले. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, असलेल्या बायकांचे गट केले होते. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के बायकांना मणक्याचं नवं फ्रॅक्चर झालं, मागे ताण देणाऱ्या गटात १६ टक्क्यांना. अभ्यास लहान होता हेही तिनेच सांगितलं. तरी एवढा फरक ऐकून खोलीत शांतता झाली. तोडगा अय्यंगारवाल्यांनीच काढला: खुर्ची, पट्टा आणि भिंत. पाठ सरळ ठेवून हात भिंतीवर टेकवून कंबरेतून झुकायचं, पाठीची कमान होऊ द्यायची नाही. आधाराची साधनं वापरून आसन माणसाला बेतायचं हा त्यांचा मूळचाच रिवाज, त्यामुळे त्यांना ते पटलं. फिजिओलाही पटलं. ज्या वर्गात 'योगा म्हणजे सगळ्यांना चांगलाच' म्हणून ठिसूळ हाडांच्या माणसालाही सूर्यनमस्कार घालायला लावतात, तिथून मुकाट्याने चप्पल घालून घरी या.

एक आड एक शनिवारी व्याख्यान असतं. काही बरी, काही कंटाळवाणी. आहारतज्ज्ञ बाईंचं उत्तम झालं, कारण त्यांनी आमच्या जेवणाच्या ताटापासून सुरुवात केली. प्रौढाला रोज हजार मिलिग्रॅम कॅल्शियम, पाळी गेलेल्या बाईला बाराशे. पाव लिटर दूध म्हणजे साधारण तीनशे, नाचणीच्या पन्नास-साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीत दोनशेच्या आसपास, तिळाच्या चटणीच्या एका मोठ्या चमच्यात शंभर. वाटीभर दही धरलं की आठशेच्या जवळ घरातच येतं, उरलेलं भाजी-डाळीतून. पालकावर विसंबू नका, त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटमुळे अंगी लागत नाही. मग त्या उपासाकडे वळल्या. साबुदाण्यात प्रथिनंही नाहीत आणि कॅल्शियमही जवळजवळ नाही. चतुर्थी, एकादशी, गुरुवार आणि वर श्रावण धरणाऱ्या बायकांचे चेहरे बघण्यासारखे झाले. उपास सोडा असं त्या म्हणाल्या नाहीत, राजगिरा, दही आणि दूध खा म्हणाल्या. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा, हेही त्यांनीच सांगितलं. वर्गातल्या कितीतरी जणी दोन्ही गोळ्या सकाळी एकाच घोटात घेत होत्या.

उन्हाचं तसंच. सकाळी सातचं कोवळं ऊन हाडांना चांगलं, हे आपण आजीकडून ऐकलंय. पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच खाली पोचतात. साधी खूण: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान दिसली पाहिजे. काच बंद करून गॅलरीत बसलं तर ते किरण आत येतच नाहीत. आणि डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळून स्कूटरवर फिरणाऱ्या आपल्या लेकी-सुनांनाही हे सांगा, त्यांची हाडं आत्ताच साठवायची वेळ आहे. तिशीपर्यंत जे हाड बांधून होतं, पुढचं सगळं आयुष्य त्याच्याच जिवावर.

आता नावं ठेवण्याचं काम.

पहिलं, खुर्च्या. पडू नये म्हणून चालवलेल्या वर्गात हलक्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि खाली गुळगुळीत फरशी. उठबस करताना खुर्ची मागे सरकते. आम्ही त्या भिंतीला लावून वापरतो, पण पंचवीस माणसांना पुरेल एवढी भिंत हॉलला नाही. लाकडी किंवा लोखंडी, रबरी बुटांच्या खुर्च्या हव्यात. मी तीनदा लेखी दिलंय. दुसरं, स्वच्छतागृह दोन पायऱ्या वर आहे, कठडा नाही आणि दिव्याचं बटण आत. व्याख्यानात बाथरूममध्ये दांडा बसवा, पायपुसणं घसरणारं नको, रात्री बारीक दिवा हवा असं ऐकायचं आणि मग त्या पायऱ्या चढायच्या. समितीतल्या गृहस्थांना दाखवलं तर ते म्हणाले, 'बघू.' हा शब्द मी शाळेत मुख्याध्यापकांकडून फार वर्षं ऐकलाय.

तिसरी तक्रार जास्त गंभीर. एका शनिवारी व्याख्यानाऐवजी एका पावडरच्या कंपनीचा माणूस टाच तपासायचं मशीन घेऊन आला. मशीनमध्ये टाच घाला, दोन मिनिटांत आकडा, आणि लगेच 'तुमची हाडं खूप कमजोर आहेत, हा डबा घ्या.' टाचेची ती तपासणी फार तर प्राथमिक चाळणी आहे. निदान करायचं तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी एक्स-रेची तपासणी, तीही कंबरेच्या मणक्यांची आणि मांडीच्या खुब्याची. तिथला टी-स्कोअर, म्हणजे तरुण माणसाच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच म्हणजे घनता कमी, उणे अडीच किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. त्या दिवशी बऱ्याच जणींनी डबे घेतले. फिजिओ रजेवर होती, परत आल्यावर तिचा चेहरा मी पाहिला. त्यानंतर असला माणूस आलेला नाही, पण समितीने हे लेखी ठरवायला हवं.

आणि एक माझा खास मतभेद. वजनं फार सावकाश वाढतात. ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर चाचणीत पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने खरोखर जड वजनं उचलली, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आणि त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता वाढली. मी म्हणते, आमच्यातल्या चार-पाच धडधाकट बायकांची वेगळी तुकडी करा, बारबेल आणा. फिजिओ म्हणते, जागा नाही, साधनं नाहीत, आणि एकटीने पंचवीस जणांवर नजर ठेवून जड वजनं देणं धोक्याचं. तिचं बरोबर आहे. तरी माझं मागणं चालू राहील.

पुरुष फार कमी येतात. 'हा बायकांचा आजार' असं त्या पोस्टमास्तरांनीच सुरुवातीला जाहीर केलं होतं. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत बायकांची हाडं झपाट्याने झिजतात हे खरं, म्हणून आमच्यात प्रमाण जास्त. पण खुब्याचं हाड मोडल्यावर त्यातून न उठणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत जास्त आहे. आता ते पहिल्या रांगेत असतात आणि गंज पेठेपर्यंत रेघ सोडत नाहीत.

गुडघे दुखतात म्हणून येऊ इच्छिणाऱ्यांसाठी: सांध्यांची झीज आणि हाडांचा ठिसूळपणा या वेगळ्या गोष्टी. ठिसूळ हाड मोडेपर्यंत बहुधा काही बोलतच नाही. गुडघेवाल्यांनाही इथल्या मांड्यांच्या व्यायामाचा फायदा होतो, पण फॉर्मवर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे पायरीचे व्यायाम ती बदलून देते. नुकतंच फ्रॅक्चर झालं असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय ती हात लावत नाही.

फी महिना चारशे रुपये, व्याख्यानं त्यातच. माझे दहापैकी आठ. खुर्च्या आल्या की साडेआठ.

येताना मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट घालून या, आणि साडी नेसत असाल तर निऱ्या घोट्याच्या वर खोचा. सपाता घालून आलेल्यांना ती दारातूनच परत पाठवते. गेल्या आठवड्यात एका माजी नगरसेवकांनाही पाठवलं. ते चिडून गेले आणि बुधवारी नवे कोरे बूट घालून आले.